विधानसभेला उभे राहण्यासाठी रहिवासाची अट: नाशिकमधील इच्छुकांसाठी मार्गदर्शन

निवडणुकीची चाहूल लागली की अनेक इच्छुक सर्वप्रथम सेतू केंद्रात जाऊन डोमिसाईलच्या दाखल्यासाठी अर्ज करतात. हा दाखला नोकरीसाठी किंवा प्रवेशासाठी कामाचा असला, तरी विधानसभेच्या उमेदवारीसाठी तो कोणी मागत नाही. कायद्याने रहिवासाची जी काही अट घातली आहे, ती मतदार यादीतील नावातून पूर्ण होते, आणि म्हणून तयारीची सुरुवात यादीपासूनच करावी.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम ५ प्रमाणे विधानसभेचा उमेदवार त्याच राज्यातील कोणत्याही एका विधानसभा मतदारसंघाचा मतदार असला पाहिजे. ज्या मतदारसंघातून लढायचे तिथलाच तो असला पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. नाशिक जिल्ह्यात १५ मतदारसंघ आहेत. पंचवटीत राहणाऱ्या आणि नाशिक पूर्वच्या यादीत नाव असलेल्या माणसाला नांदगावातून किंवा सिन्नरमधून, इतकेच काय, कोल्हापुरातूनही अर्ज भरता येतो. बागलाण, कळवण, दिंडोरी आणि इगतपुरी या जागा अनुसूचित जमातींसाठी, तर देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव असल्यामुळे तिथे महाराष्ट्राच्या यादीतील जमातीचा किंवा जातीचा पुरावा लागतो. रहिवासाची अट मात्र तीच राहते. ‘बाहेरचा उमेदवार’ हा प्रचारातला मुद्दा होऊ शकतो, छाननीतला होऊ शकत नाही.

अडचण येते ती राज्याची सीमा ओलांडली की. सुरगाणा तालुका कळवण मतदारसंघात मोडतो आणि गुजरातला लागून आहे. तिथला एखादा तरुण कामासाठी वापीला किंवा सुरतेला स्थायिक झाला आणि त्याने मतदार म्हणून नाव तिकडे नोंदवले, तर घर, शेत आणि सातबारा सुरगाण्यात असूनही त्याला कळवणमधून उभे राहता येत नाही. नाव परत आणायचे तर त्याला इकडे खरोखर राहावे लागेल, कारण लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम २० नुसार केवळ घराची मालकी असल्याने माणूस त्या ठिकाणचा ‘सामान्यपणे रहिवासी’ ठरत नाही. उलट, तात्पुरता बाहेर गेल्याने त्याचा रहिवास संपतही नाही. किती महिने राहिले म्हणजे पुरे, याचा आकडा कायद्यात नाही.

पहिली नोंदणी असेल तर नमुना ६ आणि पत्ता बदलला असेल तर नमुना ८ भरावा. अर्ज आल्यावर हरकतींसाठी ७ दिवस ठेवले जातात, आणि नामनिर्देशनाची अंतिम मुदत संपल्यावर निवडणूक होईपर्यंत यादीत नवे नाव घेता येत नाही. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावपळ करून काही साधत नाही. गावच्या यादीत एक आणि शहरातल्या यादीत एक अशी दोन नावे ठेवण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. कायद्याला ती मान्य नाही आणि नोंदणीसाठी खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. उमेदवाराला नमुना २६ च्या शपथपत्रात आपले नाव कोणत्या मतदारसंघाच्या यादीत, कोणत्या भागात आणि कोणत्या अनुक्रमांकावर आहे ते लिहून द्यावे लागते, तेव्हा जुने नाव अर्ज भरण्याआधीच वगळून घेतलेले बरे.

आता सर्वाधिक चुका होतात त्या कागदाविषयी. तुमचे नाव दुसऱ्या मतदारसंघाच्या यादीत असेल, तर त्या यादीची किंवा तिच्या संबंधित भागाची प्रत, नाहीतर आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत नामनिर्देशन पत्रासोबत द्यावी लागते; दिली नसेल तर छाननीच्या वेळी हजर करावी लागते. मोबाईलवरचा स्क्रीनशॉट चालत नाही. एका छाननीत मी असा स्क्रीनशॉट दाखवणारा अपक्ष पाहिला आहे: आवाज चढला, फोनाफोनी झाली, आणि शेवटी भाऊ मोटारसायकलवरून गोल शिक्का मारलेला कागद घेऊन आला तेव्हा अर्ज वाचला. प्रत हातात पडताच त्यावरील भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अर्जातील आकड्यांशी ताडून पाहावेत. नावातील किरकोळ लेखनदोषाकडे दुर्लक्ष करण्याची मुभा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला असते, पण तिच्या भरवशावर राहू नये.

सूचकाला, म्हणजे अर्जावर सही करून उमेदवाराचे नाव सुचवणाऱ्या मतदाराला, मात्र दुसऱ्या मतदारसंघाचा असण्याची सवलत नाही. उमेदवार बाहेरचा चालतो. सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक आणि अपक्षाला दहा सूचक लागतात. नाशिक पश्चिममधून लढणाऱ्याने सिडकोतले सूचक घ्यावेत. पंचवटीतला जिवलग मित्र तिथे उपयोगाचा नाही. शहरात मतदारसंघांच्या हद्दी गल्लीगणिक बदलतात, म्हणून सूचकांपैकी प्रत्येकाची नोंद यादीत स्वतः पाहावी आणि अपक्षाने दोन-तीन सूचक जास्तच घ्यावेत.

विधान परिषदेचा विचार करणाऱ्यांसाठीही राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाचा मतदार असणे पुरते. वय मात्र २५ ऐवजी ३० पूर्ण हवे. राज्यपालनियुक्त सदस्य राज्याचा सामान्यपणे रहिवासी असावा लागतो.