जर्मनीत भारतीय लायसन्स: या चुका टाळा

जर्मनीत राहायला आल्यापासून भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते ती फक्त ६ महिने. हे वाक्य इतक्या जणांना सांगून झालंय की आता पाटी करून गळ्यात अडकवावी. तरी कोणीतरी नवा मुलगा आरटीओने दिलेली इंटरनॅशनल परमिटची पुस्तिका काढतो आणि म्हणतो, "पण काका, यावर तर वर्षभराची तारीख आहे." असेल. ती पुस्तिका म्हणजे तुमच्या लायसन्सचं भाषांतर. मूळ लायसन्सच इथे चालेनासं झालं, की तिच्यावरची तारीख कितीही पुढची असो, काही उपयोग नाही.

असाच एक चिंचवडचा मुलगा. श्टुटगार्टजवळ नोकरी, येऊन आठवा महिना. म्युनिकला गणपतीच्या कार्यक्रमाला चौघं निघाले. गाडी मित्राची, चालवायला हा, कारण "मी एक्स्प्रेस-वेवर कायम चालवायचो." आउटोबानवरच्या (इथला महामार्ग) एका पार्किंगमध्ये पोलिसांची नेहमीची तपासणी चालू होती. याने ऐटीत पुस्तिका पुढे केली. पोलिसाने एकच विचारलं, इथे कधीपासून राहता? याने खरं ते सांगितलं आणि तिथेच स्टिअरिंग सुटलं. विनापरवाना गाडी चालवणं हा इथे पावती फाडून मिटणारा प्रकार नाही. फौजदारी गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. शिवाय गाडी ज्याने चालवायला दिली, तोही त्याच कलमात येतो. मित्राकडे पक्कं जर्मन लायसन्स होतं. तो बिचारा मागच्या सीटवर मोदकांचा डबा सांभाळत बसला होता, पत्र त्यालाही आलं. अपघात झाला नाही हे नशीब. नाहीतर विमा कंपनी समोरच्याची भरपाई देते आणि मग त्यातले ५,००० युरोपर्यंत चालवणाऱ्याकडून वसूल करू शकते.

मध्ये दिवाळीला घरी जाऊन आलं की ६ महिने नव्याने मोजायचे, हा शोध कोणी लावला माहीत नाही. मोजणी पहिल्यांदा राहायला आलात तिथूनच. मुदत वाढवून मिळते ती वर्षाच्या आत परत जाणार आहे हे दाखवू शकणाऱ्यालाच, आणि तीसुद्धा १२ महिन्यांपर्यंतच.

याहून चलाख मंडळी सुट्टीत गावी जाऊन नवं लायसन्स काढून आणतात. एजंट ओळखीचा, आठवड्यात काम होतं म्हणे. होत असेल, पण राहणं जर्मनीत असताना काढलेलं भारतीय लायसन्स इथे पहिल्या दिवसापासून निरुपयोगी. कार्डावरची तारीख आणि आनमेल्डुंगची, म्हणजे इथल्या राहत्या पत्त्याच्या सरकारी नोंदणीची, तारीख शेजारी ठेवली की कारकुनाला सगळं कळतं. लर्निंग लायसन्स तर इथे दाखवूच नका.

"बदलून घेतो" म्हणणाऱ्यांना वाटतं, काउंटरवर जुनं द्यायचं आणि नवं घ्यायचं. जपान, दक्षिण कोरिया, स्वित्झर्लंडवाल्यांना तशी सोय आहे. भारत त्या यादीत नाही. आपल्याला लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सूट एवढीच की ड्रायव्हिंग स्कूलचे सक्तीचे तास नाहीत. पण परीक्षेला गाडी आणि शेजारी बसणारा शिक्षक स्कूलचाच लागतो. अर्जासोबत डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा कोर्स आणि लायसन्सचं भाषांतर. मंजुरीला आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून माझा सल्ला ठरलेला: पत्त्याची नोंदणी झाली की त्याच महिन्यात अर्ज टाका. फर्निचर नंतर घ्या. ६ महिने उलटून गेले तरी अर्ज करता येतो, फक्त तोवर गाडीला हात लावायचा नाही.

लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. ३० प्रश्न, १० गुणांपर्यंत चूक माफ, पण ५ गुणांचे दोन प्रश्न चुकले की नापास. ॲपवर घोकून होते, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

खरी दांडी उडते रस्त्यावर, आणि जितका अनुभव जास्त तितकी लवकर. कात्रजच्या घाटात बारा वर्षं गाडी चालवलेला एक गृहस्थ पाचव्या मिनिटाला नापास झाला. ताशी ३० किमी वेगमर्यादेच्या झोनमधली गल्ली, चौकात कसलीही पाटी नाही. अशा ठिकाणी उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग तो सायकलवाला का असेना. साहेब सरळ निघाले, "मी मोठ्या रस्त्यावर होतो ना!" शिक्षकाने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला आणि परीक्षा तिथेच संपली. आपल्याकडे हॉर्न देऊन घुसायची सवय असते, ती चार दिवसांत जात नाही. दुसरं म्हणजे खांद्यावरून मागे बघणं. लेन बदलताना, वळताना, कडेने निघताना मान वळलीच पाहिजे. आरशात बघितलं म्हणून चालत नाही, आणि मान वळलेली परीक्षकाला दिसायला हवी.

दोन तास घेऊन परीक्षेला बसणाऱ्यांना मी समजावणं सोडलंय. एकाच शिक्षकाकडे निदान आठ-दहा तास घ्या, आणि मध्ये ज्या शहरात परीक्षा आहे तिथल्या गल्ल्या पायी फिरा. उजवीकडे बघायची सवय चालतानाच लागते. पैसे वाचवायला तास कमी करणारा शेवटी परीक्षेची फी दोनदा भरतो, वर पुढच्या तारखेची वाट बघतो. थोडं जर्मनही हवं, कारण रस्त्यावरची परीक्षा जर्मनमध्येच होते: डावीकडे, उजवीकडे, पुढच्या संधीला वळा, पार्क करा. एवढ्या सूचना शिक्षकाकडून जर्मनमध्येच घेत चला.

ऑटोमॅटिकवर परीक्षा देण्याआधी नव्या कार्डावर गिअरची गाडी चालवायची मुभा राहील का, हे स्कूलमध्ये विचारून घ्या.

नवं कार्ड हातात देताना जुनं भारतीय जमा करून घेतात. तेव्हा "हरवलं" सांगणारे आणि गुपचूप दुसरं काढणारे मला भेटलेत. सरकारी कागदावर खोटं लिहून सही करायची हौस असेल तर तुमचं तुम्ही बघा. कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा, सारथी पोर्टलवरची नोंद उतरवून ठेवा आणि कार्ड देऊन मोकळे व्हा.