फोल्डिंग सायकलवर टूर? आधी टायरवरचा नंबर वाचा

सामान लादून लांब जायचं असेल तर गिअर किती ते नंतर बघा, आधी खाली वाकून टायरच्या साईडला लिहिलेला नंबर वाचा. २० इंची म्हणून दोन वेगळ्या साईज विकतात, ४०६ आणि ४५१ (टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये), एकीचा टायर दुसरीला बसत नाही. वजन टाकायचं तर सरळ ४०६ घ्या, जाड टायर बसतात आणि पोरांच्या २० इंची बीएमएक्सला पण हीच साईज असते म्हणून तालुक्याच्या दुकानातही ट्यूब मिळायचा चान्स जास्त. ब्रॉम्प्टन या ब्रिटिश कंपनीची नेहमीची फोल्डिंग सायकल १६ इंची खरी पण तिचा नंबर ३४९, पोरांच्या १६ इंचीचा ३०५, त्यामुळे स्पेअर टायर-ट्यूब सोबत घेऊनच निघायचं. शिवाय तिची लिमिट ११० किलो, त्यात तुम्ही, बॅगा, पाणी सगळं आलं, म्हणजे ८५ किलोच्या माणसाला उरले फक्त २५. मागे पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकणाऱ्या बॅगा, लावणार असाल तर दुकानातच भरलेली बॅग लटकवून पेडल मारून बघा, टाच घासत असेल तर बॅग मागे सरकवायला जागा आहे का तेही बघा. आणि हो, बिजागरीचा क्लॅम्प एका बोटाने बंद होत असेल तर तो सैल आहे, तिथेच टाईट करून घ्या.