अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचा अभ्यास: सुरुवात फोनपासून करा

एम.ए.ला असताना माझा पहिला निबंध केनेडींनी ११ जून १९६३ रोजी नागरी हक्कांवर केलेल्या भाषणावर होता. शब्दकळा, आवाज, दूरचित्रवाणीचा परिणाम, सगळं जीव ओतून लिहिलं होतं. बाईंनी समासात एकच प्रश्न लिहून तो परत दिला: ‘मग विधेयकाचं काय झालं?’

त्या भाषणात केनेडींनी मागितलेलं, कृष्णवर्णीयांविरुद्धचा भेदभाव थांबवणारं नागरी हक्क विधेयक अडकलं होतं. नोव्हेंबरमध्ये केनेडींची हत्या झाली तेव्हा ते प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या, नियम समितीत पडून होतं. कोणतं विधेयक सभागृहापुढे चर्चेला जाणार हे ही समिती ठरवते. समितीचे अध्यक्ष, व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ, ते पुढे सरकू देत नव्हते, आणि स्मिथ राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे! आपल्याला पक्षादेश काढून मतं गोळा करणारं सरकार बघायची सवय असते. त्याच नजरेने अमेरिकेकडे पाहिलं की हमखास फसगत होते. तिथे राष्ट्राध्यक्षाला खासदाराची मनधरणी करावी लागते. तेव्हा नव्याने अभ्यास करणाऱ्यांना माझं सांगणं: वाट कोणी अडवली आहे आणि तो कशाला घाबरतो, हे आधी शोधा.

ही मनधरणी आपल्याला चक्क ऐकता येते. केनेडींनंतर आलेल्या लिंडन जॉन्सन यांनी स्वतःची फोनवरची बोलणी ध्वनिमुद्रित करून ठेवली. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरच्या संकेतस्थळावर ती फुकट आहेत. २ डिसेंबर १९६३ चा कॅथरिन ग्रॅहम यांच्याशी झालेला फोन आधी ऐका. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ची सूत्रं तेव्हा त्यांच्या हाती होती. जॉन्सन आधी लाडीगोडी लावतात, मग २१८ सह्यांच्या अर्जावर येतात. तेवढ्या सदस्यांनी सह्या केल्या की विधेयक समितीच्या हातून काढून घेता येतं. सही न करणाऱ्यांच्या मागे वर्तमानपत्राने लागावं, अशी त्यांची खटपट. सह्या पुऱ्या होण्याची वेळ आलीच नाही. दबाव वाढला आणि जानेवारीत स्मिथ यांना सुनावणी घ्यावी लागली.

पहिले पंधरा दिवस मला टेक्ससचा हेल आणि खरखर यापलीकडे काही कळेना. मग एकेक फोन चार-चार वेळा ऐकू लागले. छापील उतारा समोर असू द्या, पण गप्प राहण्याच्या जागा त्यात सापडत नाहीत. वहीत तीन रकाने आखा: फोन कोणाला, मागितलं काय, बदल्यात देऊ केलं काय. तिसरा रकाना बरेचदा कोराच राहतो. तो भरायला त्या काळची वर्तमानपत्रं आणि सभागृहाचं कामकाज वाचावं लागतं.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. फोन ऐकता ऐकता सगळं जॉन्सन यांनीच केलं असं वाटू लागतं. माझंही तसंच झालं होतं. प्रतिनिधिगृहातून विधेयक सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, गेलं. तिथे ते रोखण्यासाठी दक्षिणेकडच्या सदस्यांनी लांबवलेली चर्चा थांबवायला ६७ मतं हवी होती. ती जमवण्यात जॉन्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री आणि विरोधी रिपब्लिकन पक्षाचे नेते एव्हरेट डर्कसन यांचा वाटा फार मोठा, आणि त्यामागे रस्त्यावर मार खाल्लेल्या माणसांची चळवळ होती.

१० जून १९६४ ला चर्चा थांबवण्यावर मतदान झालं. कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल यांच्या मेंदूत गाठ होती, वाचा गेली होती. त्यांना चाकांच्या खुर्चीतून सभागृहात आणलं. नाव पुकारल्यावर त्यांनी हात उचलून डोळ्याकडे नेला. इंग्रजीत डोळ्यालाही ‘आय’ म्हणतात आणि होकारालाही. त्यांचा होकार नोंदला गेला. बाजूने एकूण मतं पडली ७१.