अळीला ‘सवय’ लागत नाही: नैसर्गिक निवड समजून घेताना या चुका टाळा

‘बोंडअळीला बीटीची सवय झाली.’ हे वाक्य मी पारावरही ऐकतो आणि बारावीच्या उत्तरपत्रिकेतही वाचतो. (बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी.) दोन्हीकडे चूक तीच. एका अळीच्या जन्मात काही बदलत नाही. जनुकात आपसूक झालेल्या बदलामुळे ज्यांच्या आतड्याला बीटीचं विष चिकटत नाही, अशा मोजक्या अळ्या आधीपासून होत्या. बाकीच्या मेल्या, या उरल्या, पुढची पिढी यांची झाली. हीच नैसर्गिक निवड. मी मुलांना वाक्याचा कर्ताच बदलायला लावतो. ‘अळी बदलली’ असं लिहायचं नाही, ‘अळ्यांमधलं प्रमाण बदललं’ असं लिहायचं. एवढं केलं की अर्धा धडा समजतो.

दुसरी चूक जास्त महाग पडते: निवडीचा दाब एकतर्फी ठेवणं, म्हणजे सगळीकडे फक्त बीटीच पेरणं. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी अळीने कहर केला, तेव्हा मी मामांच्या शेतात होतो. बोंड बाहेरून हिरवंगार, धड. फोडलं तर आत अळी, सरकी पोखरलेली, कापसाची कवडी झालेली. वीस बोंडं फोडली, धड एकही निघालं नाही. गोठ्यात बियाण्यासोबत मिळालेली बिगरबीटीची १२० ग्रॅमची पाकिटं न फोडता पडून होती. मामा म्हणाले, ‘अळ्याईले खाऊ घालाले कपाशी पेरू काय?’

तर हो, त्यासाठीच पेरायची. बिगरबीटीच्या ओळींवर विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात. प्रतिकाराचा गुण बहुतांशी अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा, असल्याने त्यांची पिल्लं बीटीवर मरतात. हिरव्या बोंडअळीला तूर, हरभरा असा आसरा शेतातच मिळतो. गुलाबी अळीचं पोट जवळजवळ कपाशीवरच, म्हणून तिच्यासाठी तो आसरा आपणच पेरावा लागतो. २००२ मध्ये बीटी आलं तेव्हापासून हा नियम होता. ‘कारण नको, औषध सांगा’ म्हणणाऱ्यांनी तो पाळला नाही, आणि त्यांची घाई सगळ्या शिवाराने भोगली.

‘बलवान तोच टिकतो’ असंही लिहू नका. गॅलापॅगोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर १९७७ च्या दुष्काळात मोठ्या, कठीण बियाच उरल्या, तेव्हा त्या फोडू शकणाऱ्या मोठ्या चोचीच्या फिंच पक्ष्यांचा निभाव लागला. १९८३ च्या धो धो पावसानंतर बारीक बियांची रेलचेल झाली आणि लहान चोचीवाले सरस ठरले.

‘निसर्गाला अमुक हवं होतं’ हे तर खोडूनच टाका.

फवारणीत एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा वापरू नका. तीही निवडच आहे.

आणि फरदड घेऊ नका. दोन वेचण्यांच्या लोभापायी पऱ्हाटी फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवली, की बीटीवर तगलेल्या अळ्यांना आणखी पिढी मिळते. मामांकडे आता डिसेंबर संपायच्या आत रान मोकळं होतं. बिगरबीटीची वेगळी पाकिटं मिळायची तोवर तीही मी पेरणीच्या दिवशी स्वतः जाऊन फोडायचो.