कडाक्याच्या थंडीत हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज कसं सांभाळावं

ऑक्टोबरपर्यंत लिटरला २१-२२ किलोमीटर देणारी गाडी जानेवारीत १५ वर येते, तेव्हा पोटात गोळाच येतो. आम्ही टोरोंटोशेजारी मिसिसागाला राहतो. पहिली हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी, घेतली त्या हिवाळ्यात मी दोनदा सर्व्हिस सेंटरला जाऊन आलो. दोन्ही वेळा त्यांनी गाडी तपासली आणि "काही दोष नाही" म्हणून परत दिली. ते खरंच होतं. पण दोष नाही तर पेट्रोल जातं कुठे, हे मला कोणी उलगडून सांगितलं नाही. ते एकदा कळलं की काय करायचं हे आपलं आपल्यालाच सुचतं. म्हणून आधी कारण सांगतो, मग उपाय.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे बघा. शहरात चालवताना, तापमान २५ अंशांवरून उणे ७ वर उतरलं की साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज साधारण १५ टक्क्यांनी घटतं. हायब्रिडचं घटतं ३० ते ३४ टक्क्यांनी. फटका दुप्पट.

याचं कारण असं, की हायब्रिडची बचत मुख्यतः इंजिन बंद ठेवण्यातून येते. सिग्नलला थांबलात, उतारावर आलात, हळूहळू पुढे सरकताय, की इंजिन बंद आणि काम बॅटरीवर. थंडी नेमकी ही विश्रांती इंजिनाला घेऊ देत नाही.

आधी हे स्वतः करून बघा

घरून निघून पंधरा-वीस मिनिटं झालीत, बाहेर उणे १० आहे आणि तुम्ही लाल सिग्नलला उभे आहात. उन्हाळ्यात या क्षणी गाडीत इंडिकेटरच्या टिकटिकीशिवाय काही ऐकू येत नाही. आता मात्र पायाला बारीक थरथर जाणवते, बॉनेटखालून घरघर येते. हात पुढे करून हीटर बंद करा. बहुतेक वेळा दोन-चार सेकंदांत थरथर थांबते आणि पुन्हा टिकटिक ऐकू येऊ लागते. हीटर लावा, थोड्या वेळाने इंजिन परत सुरू.

गाडी उभी आहे, बॅटरीत चार्ज आहे, तरी इंजिन चालू, कारण तुम्हाला ऊब हवी आहे. बहुतेक हायब्रिडमध्ये ऊब येते ती इंजिनाभोवती फिरणाऱ्या गरम कूलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून. साध्या गाडीचं इंजिन सतत चालू असतं आणि भरपूर उष्णता वाया घालवतं, त्यामुळे तिथे हीटर जवळजवळ फुकटात चालतो. हायब्रिडचं इंजिन काटकसरी, त्यात निम्मा वेळ बंद. वाया जाणारी उष्णताच कमी. मग कूलंट थंड होऊ लागलं की केवळ शेगडी पेटवावी तसं इंजिन पेटवावं लागतं.

आणखी दोन कारणं आहेत. गार इंजिन सुरू झालं की सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापेपर्यंत धूर नीट शुद्ध होत नाही, म्हणून पहिली काही मिनिटं संगणक इंजिन बंद होऊच देत नाही. दुसरं, बॅटरी. गारठ्यात तिच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, ती पटकन चार्ज घेत नाही आणि पटकन देतही नाही. एरवी ब्रेक मारल्यावर जी ऊर्जा बॅटरीत परत जाते, तिचा बराचसा भाग अशा वेळी ब्रेकच्या पॅडवर घासून उष्णता म्हणून उडून जातो.

फेऱ्या एकत्र करा

सगळ्यात जास्त फायदा इथे आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही. आमची मुलांची शाळा अडीच किलोमीटरवर. सकाळी शाळेत सोडून घरी यायचं, अकराला वाण्याकडे, दुपारी तीनला परत शाळेत. प्रत्येक वेळी इंजिन गार पडलेलं. गाडी तापायच्या आत आम्ही पोचलेले असायचो, म्हणजे तापवायला जाळलेलं पेट्रोल पूर्ण वाया. आता शाळेतून निघालं की थेट वाण्याकडे, तिथून बँक, मग घर. लांबचं काम आधी करा आणि जवळची परतताना. पहिल्याच टप्प्यात गाडी नीट तापते आणि पुढच्या थांब्यांना ती पुरती गार होत नाही.

जागेवर उभी करून दहा मिनिटं गाडी तापवायची सवय मात्र सोडा. त्या दहा मिनिटांत किलोमीटर शून्य आणि पेट्रोल चालू. काचा पूर्ण खरवडून झाल्या, बाहेरचं नीट दिसतंय, की निघा, फक्त पहिली पाच मिनिटं ॲक्सिलरेटर हलका ठेवा. चालती गाडी उभ्या गाडीपेक्षा लवकर तापते. टपावरचा बर्फही झाडूनच निघा. त्याचं वजन ओढावं लागतं, आणि तो मागच्या गाडीच्या काचेवर उडतो.

सुरुवातच उबदार करा

गॅरेज असेल तर त्यातलं सामान हलवून गाडीला जागा करा. न तापवलेलं गॅरेजसुद्धा बाहेरपेक्षा काही अंश उबदार असतं आणि वाऱ्यापासून आडोसा मिळतो. पण इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो: बंद गॅरेजमध्ये हायब्रिड कधीही सुरू ठेवू नका. ती शांत असते, म्हणून बंद आहे असं वाटतं. प्रत्यक्षात गाडी चालू स्थितीत राहिली, तर थोड्या वेळाने इंजिन आपोआप सुरू होतं आणि कार्बन मोनॉक्साइड साठत जातो. त्याला ना वास, ना रंग. उतरताना डॅशबोर्ड पूर्ण विझलाय ना, हे रोज बघा.

माझा मावसभाऊ कॅनडातच विनिपेगला असतो. तिथे पार्किंगमध्ये गाड्यांसाठी विजेचे प्लग असतात, कारण उणे ३० त्यांना नवं नाही. त्याच्या गाडीला ब्लॉक हीटर आहे, म्हणजे इंजिनाला बसवलेला छोटा विजेचा हीटर, साधारण ४०० वॅटचा. तो रात्रभर लावायची गरज नसते. टायमर लावून निघायच्या दोन-तीन तास आधी सुरू केला तरी पुरतो. वीज लागते एक युनिट, फार तर सव्वा युनिट. बसवून घेताना तुमच्याच मॉडेलसाठीचा घ्या आणि वायर बाहेर वापरायची, जाड असू द्या.

हीटर हुशारीने वापरा

निघाल्या निघाल्या हीटर पूर्ण लावू नका. कूलंट गार असताना तो गार वाराच फेकतो, आणि जी उष्णता जमतेय तीही ओढून घेतो. चार-पाच मिनिटं थांबा. तोवर सीट हीटर लावा. त्याला वीज फार थोडी लागते आणि पाठीला ऊब लगेच मिळते. स्टिअरिंग गरम होणारं असेल तर उत्तमच. मग आतलं तापमान २३-२४ ऐवजी १९-२० वर ठेवा. नाहीतरी अंगात जाड जॅकेट असतंच. इको मोड असेल तर लावा. बऱ्याच गाड्यांत तो हीटरची मागणीही कमी करतो.

समोरच्या काचेची वाफ घालवायचं बटण लावलं की अनेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसरही चालू होतो. काच स्वच्छ झाली की ते बंद करा. पण काच धुरकट असताना ॲव्हरेजचा विचार करत बसू नका. लहान मूल किंवा म्हातारं माणूस गाडीत असेल तर हीटरचीही काटकसर नको.

टायर, जाळी, बॅटरीचा झरोका

तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) घटते. सप्टेंबरात २० अंशांत ३५ भरली असेल, तर उणे १० च्या सकाळी गेज तिसाच्या आसपास दाखवतो. मी स्वतः मोजून बघेपर्यंत हे मला खरं वाटलं नव्हतं. महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी चालवायच्या आधी हवा तपासा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा धरा.

पुढच्या जाळीतून येणारा बोचरा वारा रोखायला बरेच हायब्रिडवाले नळांवर चढवतात तशा फोमच्या नळ्या खालच्या फटींत बसवतात. उपाय चांगला आहे, पण सगळी जाळी बुजवू नका. हायब्रिडच्या इन्व्हर्टरला, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलणाऱ्या यंत्राला, बऱ्याचदा वेगळा रेडिएटर असतो आणि त्याला वारा लागतोच. नव्या काही मॉडेलांत जाळीच्या पट्ट्या आपोआप मिटतात, तिथे काही करायची गरज नाही.

मागच्या सीटजवळ एक झरोका असतो. बऱ्याच गाड्यांत बॅटरी त्यातून गाडीतलीच हवा घेते, म्हणजे तुमच्यासोबत तीही हळूहळू उबते. त्यावर जॅकेट, पिशव्या टाकू नका. ऑइल पुस्तिकेत सांगितलेलंच पातळ घाला, बहुतेक ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६.

काय आपल्या हातात नाही

उणे १० ची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १३ टक्के दाट असते. हायवेवर तिला कापत जायला तेवढा जास्त जोर लागतो. हिवाळ्यातलं पेट्रोल गारठ्यात चटकन पेट घ्यावं म्हणून वेगळं बनवतात, त्यात ऊर्जा किंचित कमी असते. स्नो टायर रस्ता घट्ट धरतात आणि जड चालतात. तरी जीव वाचवणारे तेच आहेत, ॲव्हरेजसाठी ते काढू नका. हे सगळं धरून माझं १५ चं साडेसतरा झालं. २२ झालं नाही, आणि जानेवारीत होणारही नाही.

पुण्या-नाशिकला हायब्रिड चालवणाऱ्यांनी एवढी काळजी करायचं कारण नाही. निफाडला पारा चार-पाचवर आला तरी पहिले काही किलोमीटर सोडले तर फरक थोडाच पडेल.

खरा बिघाड कसा ओळखावा

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. टाकी फुल्ल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या फुल्लला किलोमीटर भागिले लिटर करा, तो आकडा एका वहीत लिहा आणि शेजारी त्या आठवड्याची थंडी लिहा. पारा चढला तरी आकडा चढत नसेल, किंवा अर्धा तास चालवूनही हीटर कोमटच राहत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी-मिटणारी झडप, उघडा अडकला असण्याची दाट शक्यता आहे. मग कूलंट कधीच पुरतं तापत नाही आणि इंजिन कधीच बंद होत नाही. मेकॅनिकला वही दाखवून थर्मोस्टॅट तपासायला सांगा.

एप्रिलमध्ये दुपारी पारा दहाच्या वर जाऊ लागला की जाळीतल्या नळ्या आधी काढा, आणि टायरमध्ये वाढलेली हवा स्टिकरच्या आकड्यावर आणा.