मुरिलोचं ‘पवित्र कुटुंब’ पाहताना या चुका टाळा

सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार बार्तोलोमे एस्तेबान मुरिलोनं १६५०च्या सुमारास रंगवलेलं ‘पाखरासह पवित्र कुटुंब’ माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात आहे. पवित्र कुटुंब म्हणजे बाळ येशू, त्याची आई मरिया आणि तिचा पती योसेफ. कॅनव्हासवर तैलरंग, उंची १४४ सेंटिमीटर, रुंदी १८८.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आल्या आल्या प्रतीकं मोजायला लागणं. पाखरू म्हणजे क्रूसावरचं दुःख, कुत्रा म्हणजे निष्ठा, झालं! यादी तयार होते, पण चित्र पाहायचंच राहून जातं. आधी दोन मिनिटं फक्त नजरांच्या मागे जा. योसेफाला टेकून उभ्या असलेल्या बाळानं मुठीतलं पाखरू वर धरलंय, कुत्र्याला पोचू नये म्हणून. कुत्र्याचे डोळे पाखरावर. मरिया सूत गुंडाळता गुंडाळता थांबलीय आणि बाळाकडे बघतेय. हा खेळ नीट दिसला, की मग पाखराचा अर्थ विचारा.

तिथेही घाई नको, हे पाखरू गोल्डफिंचच आहे असं लगेच धरून चालू नका. गोल्डफिंच हा पक्षी काटेरी झुडपांच्या बिया खातो, म्हणून त्याचं नातं क्रूसावर चढवण्याआधी येशूच्या डोक्यावर घातलेल्या काटेरी मुकुटाशी जोडलं गेलं. येशूच्या कपाळातला काटा उपसताना रक्ताचा थेंब उडून त्याचं तोंड लाल झालं, अशी दंतकथा आहे. लाल तोंड आणि पंखावरचा पिवळा पट्टा ही त्याची ओळख. मोठ्या आकाराच्या प्रतिमेत या खुणा शोधा, दिसल्या नाहीत तर नुसतं ‘पाखरू’ म्हणा. चित्राच्या स्पॅनिश नावातही तेवढंच आहे. इटालियन चित्रकार राफाएलच्या गोल्डफिंचवाल्या चित्राचा अर्थ इथे तसाच चिकटवू नका. ते रेनेसाँचं, सुमारे १५०५-०६चं. तिथली रचना मरियेभोवतीच्या त्रिकोणाची आहे.

इथे मरिया केंद्रस्थानी शोधाल तर रचना विस्कटलेली वाटेल. ती डावीकडे, मागे आहे. बाळाचा आधार योसेफ आहे, तोही तरुण, धडधाकट. जुन्या चित्रांत तो बहुधा पांढऱ्या दाढीचा, कोपऱ्यातला म्हातारा असे. सोळाव्या शतकात अविलाच्या संत तेरेसानं स्पेनमध्ये त्याची भक्ती वाढवली, त्यानंतर हा बदल रुजला. तेजोवलय नाही म्हणून हे साधं घरगुती चित्र ठरवू नका. मागचं सुतारकामाचं बाक आणि मरियेचं सूत पाहा: इथे कष्टालाच पावित्र्य आहे.

फोटो उजळवून पाहणं हीसुद्धा चूकच. काळोखी पार्श्वभूमी म्हणजे साचलेला मळ नव्हे. अंधारातून माणसं पुढे यावीत यासाठी ती तशी रंगवलीय. ब्राइटनेस वाढवला की चित्राचा खोलपणा जातो, ते सपाट होतं. त्यापेक्षा स्वतःच्या खोलीतले दिवे मंद करा.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत मुरिलोचं उत्तरायुष्यातलं ‘स्वर्गीय आणि पार्थिव त्रैक्य’ आहे. त्यात उभ्या रेषेत देवपिता, कबूतर (म्हणजे पवित्र आत्मा), येशू आणि आडव्या रेषेत मरिया, येशू, योसेफ असा स्पष्ट क्रूस जुळतो. तो साचा इथे बसवायला जाल तर पट्टी घेऊन उगाच रेघा ओढत बसाल, कारण इथे वर स्वर्गच नाही. त्याऐवजी बोटानं पाखरू झाका. बाळाचा वर गेलेला हात रिकामा पडतो, कुत्र्याच्या वर पाहण्याला कारण उरत नाही.