काँप्युटरची सफाई काढताय? आधी तो कागद

घरचा काँप्युटर कुरकुरायला लागला की एखाद्या सुट्टीच्या दिवशी आपण बाह्या सरसावतो. मागच्या खेपेला मीही सरसावल्या. अपडेट मारले, नको ते काढून टाकलं, सगळं छान चाललंय म्हणून शेवटी हौसेने बायोसही (मशीन सुरू करणारा मुळातला प्रोग्रॅम) अपडेट केलं. मशीन रीस्टार्ट झालं आणि समोर निळा पडदा: बिटलॉकरची रिकव्हरी की टाका. ४८ आकडे. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे हेच मला माहीत नव्हतं. की होती ऑनलाइन खात्यात, खात्याचा पासवर्ड होता ब्राउझरमध्ये सेव्ह, आणि ब्राउझर होता त्या निळ्या पडद्यापलीकडे. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तर मी केव्हाच सोडून दिलेला. नवा नंबर लागू होईपर्यंत महिना गेला. तोवर मशीन टेबलावर ठोकळ्यासारखं पडून होतं. दोष कुणाचा? माझाच. म्हणून ही यादी, आणि तिचा क्रमही जरा उफराटा आहे.

कशालाही हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर घ्या. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (हेच ते बिटलॉकरचं कुलूप) चालू आहे का ते बघा. ‘मी काही चालू केलेलं नाही’ हे मला सांगू नका, मीही हेच म्हणत होते. विंडोज ११ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगइन केलं की बऱ्याच मशीनवर ते आपसूक चालू होतं. सोय चांगलीच आहे म्हणा: लॅपटॉप चोरीला गेला तर आतली डिस्क काढून दुसरीकडे लावूनही चोराच्या हाती काही लागत नाही. पण बायोस किंवा मदरबोर्ड बदलला की या कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या टीपीएम चिपला मशीन ओळखीचं वाटेनासं होतं, आणि मग ती चोराला जे उत्तर देते तेच तुम्हालाही देते.

विंडोज प्रो असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या बिटलॉकरच्या पानावरून की छापता येते. होम असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबपानावर आपल्या मशीनच्या नावापुढे ती मिळते. प्रिंटर नसेल तर हाताने उतरवा, पण नीट. ४८ आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. शाळेतली ती कसोटी आठवा: एकाआड एक आकड्यांच्या दोन बेरजा करायच्या, फरक ०, ११ किंवा २२ आला की गट बरोबर. समजा गट ४६३०७८ आहे. ४, ३, ७ मिळून १४; ६, ०, ८ मिळून १४. जमलं. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर इथेच कळतं. घरात दोन मशीन असतील तर की आयडीची पहिली आठ अक्षरंही शेजारी लिहा, नाहीतर कुठला कागद कुठल्या मशीनचा यावरून घोळ. आणि कागद त्या लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, कृपा करून. फोनमध्ये फोटो काढायचा तर काढा, कागद तरीही हवाच. खात्याशी जोडलेला नंबर आणि दुसरा ईमेल अजून आपलाच आहे ना, तेही याच बैठकीत बघून घ्या. दोन मिनिटांचं काम, माझा महिना गेला.

कागद झाला? नसेल तर पुढे वाचू नका.

आता बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर हा जुना नियम सगळ्यांना पाठ असतो, पाळत कुणी नाही. निदान एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आणि कॉपी झाली की ती काढून ठेवा. सतत जोडून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तर तीही त्याच फटक्यात कुलूपबंद होते. क्लाउडला सिंक होतंय म्हणूनही निश्चिंत राहू नका, कारण इथून उडवलेली फाइल तिथूनही उडते. रिसायकल बिनमध्ये थोडे दिवस राहते, मग तीही जाते. कॉपी झाल्यावर डिस्क दुसऱ्या मशीनला लावून चार फाइली उघडून बघा. नुसती फोल्डरांची नावं दिसली म्हणून खूश होऊ नका.

ऑथेंटिकेटर अ‍ॅप (लॉगइनसाठी दर वेळी नवा कोड देणारं फोनवरचं अ‍ॅप) वापरत असाल तर त्या त्या खात्याचे बॅकअप कोड. तेही कागदावर. हो, त्याच कागदावर चालतील.

मग अपडेट. कंटाळा येतो, मान्य आहे, ऐन कामाच्या वेळीच ते रीस्टार्ट मागतात. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला तेव्हा त्या भोकावरचं ठिगळ मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ‘नंतर आठवण करा’ दाबलं ते सापडले. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीच्या वाढीव योजनेत नाव घातलं नसेल तर सुरक्षेचे नवे अपडेट येत नाहीत. ‘चालतंय की अजून’ हे काही उत्तर नाही.

अँटिव्हायरस एकच. विंडोजमधला डिफेंडर घरासाठी पुरतो. दोन-दोन ठेवले तर ते एकमेकांच्या पायात येतात आणि मशीन रांगायला लागतं. ‘एका क्लिकमध्ये काँप्युटर वेगवान’ म्हणणाऱ्या सफाईवाल्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. सीक्लीनर तर नावाजलेलं होतं, तरी २०१७ मध्ये त्याच्या अधिकृत आवृत्तीतूनच मालवेअर घरोघरी पोचलं. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ उघडा, ओळख नसलेलं आधी शोधून बघा, मग बंद करा. निम्मा वेग तिथेच अडकलेला असतो. एसएसडी (फिरती चकती नसलेली डिस्क) असेल तर डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवणं) करायचं नाही, विंडोज तिची निगा आपली आपण राखतं. फक्त ती गच्च भरू देऊ नका. स्क्रीनभर इशारा येऊन त्यात फोन नंबर दिसला तर ती लबाडी आहे. खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. खिडकी बंद करा, होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर मारा.

रोजच्या वापराला साधं खातं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर वेगळं. राउटरचा मूळ पासवर्ड बदला.

बायोसचं अपडेट गरज नसेल तर करूच नका. करायचंच असेल तर चार्जर लावलेला हवा, आणि आधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा, म्हणजे थोडा वेळ थांबवा. होममध्ये तो पर्याय दिसला नाही तर एन्क्रिप्शन तात्पुरतं बंद करा, वेळ लागतो, लागू द्या. आणि कागद? कपाटात कुठेतरी आहे म्हणू नका, उठून हातात घेऊन या. तो टेबलावर दिसेपर्यंत रीस्टार्टचं बटण दाबायचं नाही.

उरली धूळ. मशीन बंद, प्लग काढलेला, पंख्याचं पातं बोटाने धरून हवा मारा, नाहीतर तो गरागरा फिरून बेअरिंग जातं. बाकी पुसापुशी तुमची तुम्ही बघा.